येण्याचे कारण : खाजगी

लॉजवर काम केलेल्या माणसाला लोक एकच प्रश्न विचारतात, आणि तोही जरा जवळ सरकून, आवाज खाली करून. "मग काय काय पाहिलं असेल हो तुम्ही!" या अंकाच्या संपादकांनीही फोनवर तेच विचारलं, फक्त सभ्य भाषेत. "रंगतदार अनुभव लिहा," म्हणाले. सत्तावीस वर्षं मी हिंगोलीत बसस्टँडसमोरच्या एका लॉजच्या काउंटरमागे काढली. रंगतदार पुष्कळ पाहिलं. पण पाहिलेलं सगळं सांगायचं नसतं, हे शिकायला मला त्यातली सतरा वर्षं लागली. ज्या दिवशी ते शिकलो, त्या दिवसाबद्दलच लिहितो.

आधी धंदा समजून घ्या. बाहेरच्या माणसाला वाटतं, लॉज म्हणजे खोल्या, गाद्या आणि चहा. तसं नाही. लॉज म्हणजे वही. लाल कापडी बांधणीची, उघडली की अर्धं काउंटर व्यापणारी. तिच्यात रकाने असतात: नाव, वय, गाव, कुठून आले, कुठे जाणार, सोबत कोण, नातं काय, धंदा काय, येण्याचे कारण, खोली नंबर, सही. रोज संध्याकाळी पोलीस ठाण्यातून जमादार यायचे, आमच्याकडचा चहा घ्यायचे आणि वहीवर सही करून जायचे. ही वही दिवसभर काउंटरवर उताणी पडलेली असे. नवीन गिऱ्हाईक आपलं नाव लिहायच्या आधी वरची दहा नावं निवांत वाचून काढी. "अरे वा, जवळा बाजारचे अमुकतमुक आलेत वाटतं!" असं म्हणत काहीजण थेट त्यांच्या खोलीवर जाऊन थडकत. यात काही चुकतंय असं मला, मालकांना किंवा जमादारांना कधी वाटलं नाही.

वहीच्या मागे किल्ल्यांचा फळा. कोणती खोली भरली, कोणती रिकामी, ते एका नजरेत कळतं. असा फळा मला काउंटरच्या दुसऱ्या बाजूनंही माहीत होता. नोकरीला लागायच्या आधी मी एका मुलाखतीसाठी दुसऱ्या जिल्ह्यात गेलो होतो. तिथल्या लॉजच्या मॅनेजरनं नाव विचारलं. सांगितलं, खंदारे. "खंदारे म्हंजी कोणते?" मी गाव सांगितलं. "गावात कोणत्या अंगाला घर?" मी आमची बौद्धवस्ती सांगितली. त्यानं वही मिटली आणि म्हणाला, "जागा न्हाई." त्याच्या डोक्यामागं फळ्यावर अकरा किल्ल्या लटकत होत्या. मी मुलाखतीला स्टँडवरच्या बाकावरून गेलो आणि नापास झालो.

त्यामुळे माझ्या काउंटरवर मी कुणाला कधी "म्हंजी कोणते" असं विचारलं नाही. जो येईल त्याला खोली. एकट्या बाईला खोली द्यायला तेव्हा भले भले लॉजवाले कां कूं करायचे, आम्ही द्यायचो. या गोष्टीचा मला फार अभिमान होता. जरा जास्तच होता, हे आता कळतं.

कारण विचारत नसलो, तरी सांगत मात्र सुटायचो. आमच्याकडे सोयरीक जुळवायची तर मुलीकडचे लोक दहा ठिकाणी चौकशा करतात, आणि त्यातलं एक ठिकाण लॉज असतं. एकदा वसमतकडचे एक गृहस्थ असेच चहाला म्हणून टेकले आणि वहीची पानं चाळता चाळता म्हणाले, "खताच्या कंपनीतलं ते पोरगं तुमच्याकडंच उतरतंय म्हणं. कसं हाय?" मी म्हणालो, "पोरगं चांगलं हाय. फक्त खोलीतून बाटल्या निघतात." गृहस्थ अर्धा चहा तसाच टाकून उठले. मला वाटलं, एका मुलीचं कल्याण केलं. महिन्याभरानं तो मुलगा काउंटरवर आला. बाटल्या त्याच्या साहेबांच्या होत्या. साहेब शेजारच्या खोलीत उतरायचे आणि आपल्या कचऱ्याच्या टोपलीत सापडू नयेत म्हणून बाटल्या याच्या टोपलीत टाकायचे. मुलगा भांडला नाही. "तुमी मला एकदा विचारायचं तरी," एवढंच म्हणाला. मी मान हलवली आणि आठवड्याभरात विसरलो.

मग काउंटरवर काँप्युटर आला.

त्याचं असं झालं की आमचे मालक किशनराव एका लग्नासाठी औरंगाबादला मोठ्या हॉटेलात उतरले. तिथल्या काउंटरवरच्या मुलीनं त्यांना पाहताच "या किशनरावजी" म्हटलं आणि खोलीत वाढदिवसाचा केक पाठवला. मालक परत आले ते हवेतच. "खंदारे, त्या पोरीला माझा वाढदिवस ठावका! माझ्या सख्ख्या भावाला ठावका न्हाई!" आठ दिवसांत काँप्युटर, इंटरनेटची तार आणि प्लॅस्टिकचं कव्हर, तिन्ही वस्तू आल्या. हुकूम असा, की गिऱ्हाईक वहीत नाव लिहून खोलीत गेलं की मी इंटरनेटवर त्याचं नाव टाकून माहिती काढायची आणि आपण त्याला चकित करायचं.

तेव्हा शहरातली शिकलेली पोरं एका साइटवर आपापलं पान उघडायची. फोटो, गाव, नोकरी, आवडीनिवडी, मित्रांचे निरोप, सगळं तिथं असे आणि कुणालाही वाचता येई. मी शेजारच्या सायबर कॅफेवाल्याकडून शिकलो आणि दोन महिन्यांत असा तरबेज झालो की विचारू नका. बियाण्याच्या कंपनीतल्या एका साहेबांच्या पानावर "आवड: आईच्या हातचं थालीपीठ" असं लिहिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी नाष्ट्याला मी थालीपीठ आणि लोण्याचा गोळा पुढं केला. साहेबांना इतका आनंद झाला, की पुढं दर फेरीला ते आमच्याकडेच उतरायला लागले. मालकांनी या उद्योगाला नावच दिलं, थालीपीठ योजना.

एकदा मात्र वेगळं झालं. कापसाची प्रत ठरवायला येणारे एक अबोल गृहस्थ होते. त्यांच्या पानावर मला दिसलं, की त्यांचा धाकटा भाऊ नुकताच गेला. ते सकाळी किल्ली द्यायला आले तेव्हा मी त्यांचा हात हातात घेऊन म्हणालो, "भावाचं कळलं. फार वाईट झालं." त्यांनी हात सोडवून घेतला. मग किल्ली ठेवून गेले आणि पुन्हा कधी आले नाहीत, समोरच्या लॉजवर उतरू लागले. मी मालकांना सांगितलं, माणूसच तुसडा आहे.

आता मंगलची गोष्ट. हे तिचं खरं नाव नाही. गोष्ट लिहू का, हे मी तिला फोन करून विचारलं आहे, आणि नाव बदलण्याच्या अटीवर तिनं होकार दिला आहे.

ती आली तेव्हा थंडी चांगली पडली होती. सत्तावीस-अठ्ठावीसचं वय, अंगात स्वेटर, खांद्याला एक बॅग, सोबत कुणी नाही. तिनं वहीत लिहिलं: मंगल गडदे, पुणे, परिचारिका. अक्षर सुबक होतं. येण्याचे कारण या रकान्यापाशी ती थांबली आणि तिथं लिहिलं, खाजगी.

सतरा वर्षांत त्या रकान्यात मी सगळं वाचलं होतं. देवदर्शन, लग्न, कामानिमित्त, कोर्टाची तारीख. एका सद्गृहस्थांनी तर "कारण: बायको" असंही लिहिलं होतं. पण खाजगी असं कुणीच लिहिलं नव्हतं. तो शब्द मला टोचत राहिला. एवढं काय खाजगी असेल? मी तिला नऊ नंबरची किल्ली दिली आणि ती जिना चढून जायच्या आत नाव टाकलं. तोंडानं विचारत नव्हतो, बोटांनी विचारत होतो, एवढाच काय तो माझा मोठेपणा.

पान लगेच सापडलं. पांढऱ्या गणवेशातला हसरा फोटो, हातात कसलंसं पदक. आणि गावापुढं लिहिलेलं: सिद्धेश्वर, जिल्हा हिंगोली. म्हणजे धरणाच्या गावची पोरगी! मी उड्या मारतच मालकांकडे गेलो. मालकांना त्या वर्षी नगरपालिकेचे वेध लागले होते. ते खुर्चीतून उठलेच. "आपल्या मातीतली लेक पुण्यात पदक घेऊन राहिली, अन् आपल्याला पत्ता न्हाई? खंदारे, सत्कार! शाल, श्रीफळ, वार्ताहर. आन् फ्लेक्स!"

हिंगोलीत फ्लेक्स छापायचं यंत्र नुकतंच आलं होतं आणि गावाला त्याचं वेड लागलं होतं. कुणाची म्हैस व्याली तरी चौकात फ्लेक्स लागेल अशी वेळ आली होती. सकाळी नवाच्या आत आमच्या दारावर दहा फुटी फ्लेक्स चढला: सिद्धेश्वरच्या सुकन्या मंगलताई गडदे यांचे हिंगोली नगरीत सहर्ष स्वागत. मधोमध त्या पानावरून उतरवलेला तिचा फोटो, परातीएवढा चेहरा. खाली मालक, कानाला मोबाइल लावलेले. अगदी कोपऱ्यात बारीक अक्षरांत माझंही नाव होतं, ते मी तीनदा वाचलं. मंगल तेव्हा लॉजवर नव्हती. आठलाच औंढ्याकडे काम आहे सांगून बाहेर पडली होती, दुपारपर्यंत येते म्हणाली होती.

साडेनवाच्या सुमाराला फ्लेक्सपुढं एक म्हातारा उभा दिसला. डोक्याला पांढरा फेटा, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मेंढरंवाला. स्टँडवरून माणसं येत होती, फ्लेक्सकडे बघत होती आणि पुढं जात होती. हा मात्र जागचा हलेना. मी बाहेर गेलो.

"ह्ये काय लिवलंय, दादा?" त्यानं विचारलं.

मी मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यानं ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाला, "कुठं हाय ती?"

"आमच्याकडंच उतरल्यात. नऊ नंबर. आता कामाला गेल्यात, बाराला परत येतील. या की सत्काराला," मी म्हणालो. आमंत्रणसुद्धा मीच दिलं.

"येतो," म्हणाला आणि त्या वयाच्या माणसाला शोभणार नाही इतक्या घाईनं निघून गेला.

साडेअकराला मंगल आली, ती स्वयंपाकघराच्या दारातून. तोंड पांढरंफटक. भाज्या चिरणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. मला बोलावणं आलं.

"दादा, तो फोटो कुठून घेतला तुम्ही?"

"काँप्युटरवरून. तुमच्याच पानावर आहे की, ताई. गावही तुम्हीच लिहिलंय."

"ते मी पुण्यातल्या मैत्रिणींसाठी लिहिलं होतं," ती म्हणाली. "तिथं माझ्या गावचं कोणी नाही, म्हणून लिहिलं होतं. इथल्या रस्त्यावर लावायला नव्हतं लिहिलं."

मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

मग तिनं थोडक्यात सांगितलं. घर मेंढपाळाचं. सोळाव्या वर्षी लग्न लावून दिलं. तिसऱ्या महिन्यात ती सासरहून निघाली, ती शाळेतल्या एका बाईंच्या मदतीनं थेट पुण्याला. वसतिगृह, नर्सिंगचं शिक्षण, नोकरी. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, तो प्रश्न मिटला. पण तिच्या वडलांची पावण्यारावळ्यांत मान खाली गेली होती. त्यांनी चार माणसांसमोर पोरगी मेली असं सांगून डोक्यावरून पाणी घेतलं होतं आणि दिसली तर काठीनं तुडवीन म्हणाले होते. अकरा वर्षांत ती या जिल्ह्यात आली नव्हती. आता परदेशात नर्सची नोकरी मिळत होती, पासपोर्टसाठी शाळेच्या टी.सी.ची दुसरी प्रत हवी होती आणि ती जातीनं आल्याशिवाय मिळत नव्हती. कुणाच्या नजरेला न पडता यायचं आणि जायचं, एवढंच तिला हवं होतं. टी.सी. तिच्या बॅगेत होती. उरलं होतं ते फक्त पुण्याची गाडी गाठणं.

"तुमचे वडील दिसायला कसे?" मी विचारलं.

तिनं सांगायला सुरुवात केली. फेटा, घोंगडी, डाव्या कानात बाळी. बाळी मी पाहिली होती.

"ताई, ते सकाळी येऊन गेले," मी म्हणालो. "मी त्यांना खोलीचा नंबर सांगितला. वेळही सांगितली."

ती तिथंच पोत्यावर बसली. बॅग तिनं पोटाशी धरली. मला त्या दिवशी कळलं, की त्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या मॅनेजरनं माझं काहीच नुकसान केलं नव्हतं. त्यानं एक खोली दिली नव्हती. मी खोली देऊन तिच्या दाराची दिशा दाखवली होती.

मी तिला वर खोलीत पाठवलं, आतून कडी लावायला सांगितलं आणि शिडी घेऊन बाहेर गेलो. दारासमोर मालक वार्ताहराशी बोलत उभे होते. मी फ्लेक्सच्या दोऱ्या कापायला लागलो.

"ए खंदारे! डोकं फिरलं का रे?"

"व्हय मालक, फिरलंय," मी वरूनच म्हणालो. सतरा वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा असं बोललो. खाली उतरून कानात सगळं सांगितलं. किशनराव भपकेबाज माणूस, पण दोन लेकींचा बाप होता. त्यांनी वार्ताहराला सत्कार रद्द झाल्याचं सांगितलं आणि जीप आणायला स्वतः गेले. समोरच्या स्टँडवर चढवायला नको, जीपनं वारंगा फाट्याला सोडू, तिथं पुढच्या गाड्या भरपूर, असं ठरलं.

जीप यायच्या आधी म्हातारा आला. सोबत एक बाई होती, डोक्यावरून पदर ओढलेली. ती उंबऱ्याच्या बाहेरच थांबली. म्हातारा काठी टेकत सरळ काउंटरपाशी आला.

"आली का ती?"

मी वही मिटली. आयुष्यात पहिल्यांदा भर दुपारी मिटली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले. "कोण?"

"काहून असं करून राहिले, दादा? सकाळी तर तुमीच म्हणले, नऊ नंबर."

"सकाळी माझं चुकलं," मी म्हणालो. "इथं कोण उतरलंय, कोण न्हाई, मी कुणालाच सांगत नसतो."

"आवं, मी बाप हाय तिचा!"

"असाल. पण इथं आलेला पाव्हणा आमचा. त्याला इचारल्याबगर मी बापाला सांगत न्हाई, अन् पोलिसालाबी सकाळी सांगत न्हाई, संध्याकाळी वही बघायला येतील तेव्हाच बघतील." शेवटचं वाक्य अगदीच बिनकामाचं होतं, पण भीतीत माणूस काहीही बोलतो. माझी नजर त्याच्या काठीवर होती.

म्हाताऱ्यानं ती नजर ओळखली असावी. त्यानं काठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग ती काठी त्यानं काउंटरवर, मिटलेल्या वहीवर आडवी ठेवली.

"मंग इचारा," तो म्हणाला. "तिची माय आलीय म्हणावं. औंढ्याच्या रस्त्याला रानात मेंढरं बसवलीत आमी. तितून हिला घेऊन आलो. तिला सांगा, बाप खालीच बसतो. वर येत न्हाई."

मी जिना चढलो. नऊ नंबरच्या दाराबाहेरून सगळं जसंच्या तसं सांगितलं, माझ्या पदरचं काही न घालता. त्या खोलीला जिन्याकडे एक छोटी खिडकी आहे, तिथून खालचा उंबरा दिसतो. तिनं त्या खिडकीतून पाहिलं असणार. कडी निघाली.

"मायला वर पाठवा," ती म्हणाली. "एकटीला."

म्हातारी जिना चढली तेव्हा मी वाटेतून बाजूला झालो. ती प्रत्येक पायरीवर भिंतीला हात लावत होती. दार उघडलं आणि लागलं. नऊ नंबरमध्ये तासभर काय बोलणं झालं, ते मला माहीत नाही. ज्याला गिऱ्हाइकाच्या बाटल्यांपासून थालीपिठापर्यंत सगळं माहीत असायचं, त्याला तेवढं एक माहीत नाही, आणि न कळण्यात इतकं हलकं वाटतं, हेही मला तेव्हाच समजलं.

खाली म्हातारा बाकावर बसला होता. मी चहा दिला. त्यानं बशीत ओतून घेतला.

"अकरा वर्सं झाली तिच्या नावानं आंगुळ करून," तो अचानक म्हणाला. "मानसं म्हणत्यात, मेल्याली पोर सपनात येत न्हाई. ही रोज यायची." मग कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या फ्लेक्सकडे बघून म्हणाला, "फोटूत बरी दिसून राहिली. तब्येत बरी हाय."

मंगल आईसोबत खाली उतरली, तेव्हा तीन पायऱ्या बाकी असताना थांबली. म्हातारा उठून उभा राहिला. दोघांमध्ये माझं काउंटर होतं आणि काउंटरवर त्याची काठी.

"गाडी किती वाजता?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"दोन-अडीचला मिळेल, वारंग्यातून."

"तितं लई गर्दी राहती," तो म्हणाला. "खिडकीपाशी बस."

ती "हो" म्हणाली. एवढंच. कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही. पण तिची माय तोंडात पदर धरून हसत होती, आणि माझ्या छातीवरचा दगड असा काही उतरला, की मी फळ्यावरच्या किल्ल्या उगाचच पुन्हा नीट लावायला घेतल्या. डोळे पुसायला तेवढं निमित्त पुरलं.

जीप दारात लागली तेव्हा म्हातारा मला म्हणाला, "दादा, ते चित्र टाकून देनार का? मला न्या वाटतं."

सकाळचा मी असतो तर बाहेर काढून लगेच हातात दिलं असतं. पण मी म्हणालो, "त्यांना इचारतो." जीपपाशी गेलो आणि विचारलं. मंगलनं बापाकडे पाहिलं.

"द्या," म्हणाली. "पण रस्त्यानं कोणाला दिसंल असा लावायचा न्हाई म्हणावं." पुण्याची भाषा तेवढ्यापुरती गळून पडली होती.

मी निरोप सांगितला. म्हाताऱ्यानं मान हलवली, फ्लेक्सची गुंडाळी घोंगडीखाली घेतली आणि दोघं स्टँडकडे गेली.

शाल आणि नारळ मात्र मालकांच्या हातात राहिले. आणलेली शाल वाया जाऊ नये म्हणून त्यांनी संध्याकाळी वही तपासायला आलेल्या जमादारांचाच सत्कार केला. जमादार गोंधळले, पण फोटोसाठी उभे राहिले. पुढच्या महिन्यात त्यांची बदली झाली, त्याचा सत्काराशी काही संबंध नाही.

दुसऱ्या दिवशी मी एक जाड पुठ्ठा घेतला आणि त्याला वहीच्या एका ओळीएवढी आडवी खाच पाडली. नवीन गिऱ्हाईक आलं की वहीवर हा पुठ्ठा ठेवायचा. त्याला फक्त आपली ओळ दिसणार, वरची दहा नावं पुठ्ठ्याखाली. लोक कुरकुरले. "आमच्यापासून काय लपवून राहिले?" असं ओळखीच्यांनी विचारलं. मालकांनी महिनाभर थालीपीठ योजनेच्या नावानं उसासे टाकले. पण मी पुन्हा कुणाचं नाव त्या काँप्युटरवर टाकलं नाही. थालीपीठवाल्या साहेबांना नाष्ट्याला काय हवं, ते मी तोंडानं विचारू लागलो. त्यांना पोहे हवे होते. कापसाच्या गृहस्थांची माफी मागायला मी समोरच्या लॉजवर गेलो, पण ते येणं बंद झालं होतं. खतवाल्या मुलाचं तर मला नावही आठवत नाही. ही दोन माणसं माझ्याकडून राहून गेली.

दीड-दोन वर्षांनी एका नातलगाकडे सिद्धेश्वरला जाणं झालं. कालव्याच्या कडेनं चालत होतो. एका कापणी झालेल्या रानात मेंढरं बसवलेली होती आणि बाजूला चार काठ्यांवर कोकरांसाठी आडोसा केला होता. त्यावर अंथरलेलं कापड बाहेरून पांढरं, कोरं. कडेला दोरीची भोकं होती आणि त्यातल्या दोन भोकांत कापलेल्या दोरीचे तुकडे अजून तसेच होते. ती दोरी मी कापली होती.

म्हाताऱ्यानं मला ओळखलं. हाका मारून बसवलं. तिचा फोन येत असतो, आता लांब परदेशात असते, मायशी बोलते, कधी कधी बापाशीही, असं त्यानं सांगितलं. चहा उकळेपर्यंत मी त्या आडोशाकडे बघत होतो. आत वाकून बघावं असं फार वाटत होतं, पण मी जागचा हललो नाही.

"बघा की," म्हातारा म्हणाला. "तुमाला चालतंय. तिला इचारलंय म्या."

मी वाकलो. आत गवतावर चार-पाच कोकरं अंगाला अंग लावून झोपली होती, आणि वरून, छताच्या आतल्या बाजूनं, मंगल त्यांच्याकडे बघून हसत होती.